उभ्याने वल्हवावयाची फळी आणि तिची निवड

पाण्यावर तरंगणाऱ्या फळीवर उभे राहून एकाच लांब वल्ह्याने ती पुढे न्यावयाची, या जलक्रीडेस आता सर्वत्र ‘पॅडलबोर्डिंग’ असे म्हणतात. हवाई बेटांतील वायकीकीच्या किनाऱ्यावर लाटांवरील स्वारी शिकविणारे काही लोक विसाव्या शतकाच्या मध्यास अशा रीतीने वल्हवीत असत. परंतु स्वतंत्र क्रीडा म्हणून तिचा प्रसार इ. स. २००० नंतरच झाला. भारतात तिचे मुख्य क्षेत्र म्हणजे समुद्रकिनारा होय. कर्नाटकात मंगळूरच्या उत्तरेस, शांभवी नदीच्या मुखाजवळील मुलकी व ससिहित्लु या गावांच्या परिसरात ती रुजली असून मार्च २०२४ मध्ये ससिहित्लुच्या किनाऱ्यावर आंतरराष्ट्रीय शर्यतीही झाल्या.

बंगळूर शहराची गोष्ट निराळी आहे. हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९२० मीटर उंचीवर, पठारावर वसलेले आहे आणि मंगळूरचा किनारा तेथून रस्त्याने सुमारे ३५० किलोमीटर दूर आहे. शहरास मोठी नदी नाही. आहेत ते ओढ्यांना बांध घालून निर्माण केलेले तलाव. अशा शहरातील मनुष्य फळी विकत घ्यावयास निघाला म्हणजे त्याच्याजवळ नावाड्याचा पिढीजात अनुभव नसतो. तो जाहिरातीतील चित्र पाहतो, अथवा शर्यत जिंकणाऱ्याच्या पायाखाली कोणती फळी होती हे विचारतो. दोन्ही मार्गांनी बहुधा चुकीची वस्तू घरी येते. वस्तुतः फळीची लांबी, रुंदी व जाडी यांचे परिणाम शालेय पदार्थविज्ञानाच्या आधारे बऱ्याच अंशी आधीच सांगता येतात. ते कसे, हे येथे पाहावयाचे आहे.

हरिगोल आणि फळी

हंपीजवळ तुंगभद्रेवर किंवा दक्षिणेस कावेरीवर ज्यांनी हरिगोलातून नदी ओलांडली असेल, त्यांना या विषयाचे अर्धे सूत्र ठाऊक आहे. हरिगोल म्हणजे बांबूच्या कामट्यांची विणलेली मोठी गोल टोपली. पूर्वी तिला बाहेरून कातडे मढवीत. आता प्लॅस्टिकचे कापड व डांबर वापरतात. ती सहसा उलटत नाही, ओझे पुष्कळ वाहते आणि उथळ, खडकाळ पाण्यातही चालते. परंतु तिला नाळ नाही आणि वरामाही नाही. त्यामुळे वल्ह्याच्या प्रत्येक फटक्यासरशी ती स्वतःभोवती फिरू पाहते आणि तिला वेग म्हणून नसतो. याच्या अगदी उलट टोकास शर्यतीची फळी आहे. ती ४.२७ मीटर म्हणजे १४ फूट लांब आणि केवळ ६० सेंटिमीटरांच्या आसपास रुंद असते. बाणासारखी सरळ जाते, आणि नवख्यास क्षणभरही उभे राहू देत नाही. बाजारातील इतर सर्व फळ्या या दोन टोकांच्या मध्ये कोठेतरी येतात.

प्रथम तरंगण्याचा प्रश्न निकालात काढू, कारण तो सोपा आहे. आर्किमिडीजच्या सिद्धांतानुसार तरंगणारी वस्तू आपल्या वजनाइतके पाणी बाजूस सारते. आणि एक लिटर पाण्याचे वजन एक किलोग्रॅम. वल्हविणारा ७५ किलोचा, फळी १० किलोची व सामान १० किलोचे धरले तर ९५ लिटर पाणी बाजूस सरेल. फळीचा पाण्यास टेकणारा पृष्ठभाग सव्वादोन चौरस मीटर असल्यास ती चार सेंटिमीटरांहून किंचित अधिक बुडेल. प्रवासी फळीचे एकूण आकारमान पुष्कळदा ३०० लिटरांच्या घरात असते. तेव्हा आकारमानाचा मोठा आकडा दाखवून ‘ही फळी अधिक स्थिर’ असे कोणी सांगू लागल्यास त्यावर विश्वास ठेवू नये. बुडण्याचे भय त्या आकड्याने कमी होते. तोलाचा प्रश्न मात्र रुंदीशी निगडित आहे.

तोल कशाने राहतो

फळी एका बाजूस कलली म्हणजे त्या बाजूचा भाग अधिक बुडतो आणि दुसऱ्या बाजूचा वर येतो. त्यामुळे पाण्याच्या उत्प्लावक बलाचा मध्य कललेल्या बाजूकडे सरकतो आणि फळीस पुन्हा सरळ करू पाहतो. हे सावरणारे बल किती, याचा हिशेब केला असता असे आढळते की, ते लांबीच्या प्रमाणात वाढते, परंतु रुंदीच्या मात्र घनाच्या प्रमाणात वाढते. हा एक नियम ध्यानात ठेवला तरी पुष्कळ पैसा वाचेल. ८१ सेंटिमीटर, म्हणजे ३२ इंच रुंदीच्या फळीचा सावरण्याचा गुण १०० मानला, तर तेवढ्याच लांबीच्या ७१ सेंटिमीटरच्या फळीत तो सुमारे ६७ उरतो आणि ६१ सेंटिमीटरच्या फळीत केवळ ४३. वीस सेंटिमीटर म्हणजे वितीएवढे अंतर. पण त्यात निम्म्याहून अधिक स्थैर्य गेले. लांबी १२॥ फुटांवरून १४ फूट केल्याने त्यातील केवळ बारा टक्के भरून निघते.

याच्या विरुद्ध काम करते ती माणसाची उंची. उभ्या माणसाचा गुरुत्वमध्य बेंबीच्या आसपास, म्हणजे फळीपासून जवळजवळ एक मीटर वर असतो. ढोबळ हिशेब केला तर ८१ सेंटिमीटरच्या फळीवर मध्यम बांध्याचा मनुष्य स्वस्थ उभा राहिला असता फळीच त्यास थोडेफार सावरून धरते. ६१ सेंटिमीटरच्या फळीवर तसे होत नाही. तेथे घोटे, गुडघे व कंबर यांचे स्नायू क्षणोक्षणी तोल सांभाळतात आणि पाण्यात रोवलेले वल्हे तिसऱ्या पायाचे काम करते. सायकलप्रमाणेच ही विद्या सरावाने साध्य होते. परंतु तोपर्यंत शरीराची बरीच शक्ती पुढे जाण्याऐवजी केवळ न पडण्यात खर्च होते. अरुंद फळीवरील नवखा रुंद फळीवरील नवख्यापेक्षा हळू जातो, याचे कारण हेच. नवशिक्याने प्रथम गुडघ्यांवर बसून वल्हवावे असे सांगतात, त्याचाही आधार येथे आहे. बसल्याने गुरुत्वमध्य एकदम पुष्कळ खाली येतो. शर्यतीच्या काही फळ्यांत उभे राहण्याची जागा होडीच्या पोटासारखी खोलगट केलेली असते. पाय पाण्याच्या पातळीजवळ आणून तोच लाभ साधण्याची ती युक्ती होय.

आपल्या कोकणच्या होड्यांनी हा प्रश्न वेगळ्या तऱ्हेने सोडविला आहे. मालवण-तारकर्लीकडील अरुंद होडीस एका बाजूने दोन आडव्या दांड्यांवर लाकडी ओंडका बांधलेला असतो. त्यास उलांडी म्हणतात. होडी अरुंद, म्हणून वेगवान. आणि उलांडी दूर, म्हणून तोल भक्कम. फळीवर उभ्याने दोन्ही बाजूंस वल्हे मारावयाचे असल्याने तिला उलांडी जोडणे सोयीचे नाही. सबब तिच्यात स्थैर्य व वेग यांचा सौदा रुंदीच्या इंचांतच करावा लागतो.

वेग आणि आपलीच लाट

पाण्यातून जाणाऱ्या वस्तूस मुख्यतः दोन प्रकारचे अडथळे होतात. पाणी तळास घासते, तो घर्षणाचा रोध. आणि वस्तू आपल्या गतीने लाटा उत्पन्न करते, त्या लाटा उभारण्यात खर्ची पडते ती शक्ती, हा दुसरा. दुसऱ्याचा शास्त्रशुद्ध अभ्यास इंग्लंडमधील विल्यम फ्रूड या अभियंत्याने केला. त्याने १८६७ मध्ये डार्ट नदीवर ‘स्वॉन’ व ‘रेव्हन’ या नावांच्या दोन तऱ्हेच्या प्रतिकृती ओढून पाहिल्या. एकीची टोके बोथट होती आणि दुसरीची तीक्ष्ण. कोणती श्रेष्ठ, याचे उत्तर मोठे मौजेचे मिळाले. एका वेगमर्यादेत एक सरस ठरली आणि दुसऱ्या वेगमर्यादेत दुसरी. फळी निवडताना हा निष्कर्ष डोळ्यांपुढे ठेवावा. ‘उत्तम आकार कोणता’ या प्रश्नास, ‘कोणत्या वेगासाठी?’ असे विचारल्यावाचून उत्तर देता येत नाही.

खोल पाण्यावरील लाटेची लांबी तिच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. फळीबरोबर धावणाऱ्या लाटेचा वेग फळीच्याच वेगाइतका असतो. ताशी साडेपाच किलोमीटर वेगाने जाणाऱ्या फळीच्या लाटेची लांबी दीड मीटर येते; ताशी आठ किलोमीटर वेग झाला की ती ३.१५ मीटर होते. लाट फळीएवढी लांब झाली म्हणजे नाळ एका उंचवट्यावर आणि मागचे टोक दुसऱ्याच्या अलीकडे, अशी स्थिती येते. यापुढे वेग वाढविणे म्हणजे आपणच उठविलेल्या लाटेच्या चढावर फळी ढकलणे होय. जोर दुप्पट लावला तरी वेग नाममात्र वाढतो. ही मर्यादा ३.२ मीटर म्हणजे साडेदहा फूट लांबीच्या सर्वसाधारण फळीस ताशी आठ किलोमीटरच्या सुमारास येते, ३.८१ मीटर म्हणजे साडेबारा फुटीस पावणेनऊच्या सुमारास, आणि १४ फुटीस ताशी ९.३ किलोमीटरच्या सुमारास. शांत पाण्यावरील निष्णात शर्यतपटू ताशी नऊ ते दहा किलोमीटर वेग राखतात. त्यांना १४ फूट लांबी का लागते, हे आता सांगावयास नको.

परंतु सुटीच्या दिवशी फिरावयास जाणारा मनुष्य तास-दोन तास ताशी पाच-साडेपाच किलोमीटरच जातो. या वेगास लाटेचा रोध अल्प व घर्षणाचा अधिक असतो; आणि लांब फळीचा ओला पृष्ठभाग अधिक असल्यामुळे तिचे घर्षणही अधिक. म्हणून केवळ वेगासाठी १४ फुटी फळी घेण्यात त्याचा लाभ नाही. तथापि अगदी आखूड व गोल नाकाची फळीही त्यास नको. ती हरिगोलाच्या जातीची असते. प्रत्येक फटक्यास नाक डावी-उजवीकडे वळविते, आणि दर चार-पाच फटक्यांनंतर वल्हे दुसऱ्या हाती घ्यावे लागते. दूरच्या प्रवासात हा उपद्रव फार जाणवतो. निमुळत्या नाकाची साडेअकरा ते साडेबारा फुटी फळी हा त्यावरील उत्तम मध्यम मार्ग आहे, असे आमचे मत आहे.

हवा भरलेली फळी

बंगळुरात इमारतीच्या चौथ्या मजल्यावर राहणाऱ्याने १४ फुटी कठीण फळी घेतली, तर ती उद्वाहनात मावत नाही, जिन्याच्या वळणावर अडते, आणि मोटारीच्या टपावर बांधून घाटाने समुद्रापर्यंत न्यावी लागते. म्हणून या शहरात हवा भरावयाच्या फळीचा विचार अपरिहार्य होतो. ती गुंडाळून पाठीवरच्या पिशवीत मावते.

हवेची पिशवी ही मुळात गोल होऊ पाहते. मग फळी सपाट कशी राहते? याचे रहस्य तिच्या पोटात आहे. वरच्या व खालच्या कापडास एकाच लांबीचे सहस्रावधी धागे जोडलेले असतात. हवा भरली की ते ताणले जातात आणि दोन्ही पृष्ठभाग समांतर धरून ठेवतात. अशाच तऱ्हेच्या कापडातून अमेरिकेतील गुडइयर कंपनीने १९५६ मध्ये हवा भरून उभे करता येणारे विमानही तयार केले होते. फळीत दर चौरस इंचास १५ पौंड दाब भरला असता एका चौरस मीटरवर साडेदहा टनांचा जोर पडतो. साडेबारा फुटी फळीच्या एका बाजूचा विचार केला तर तो जवळजवळ चोवीस टन भरतो. हा सारा ताण ते धागे सोसतात.

एवढा दाब भरण्याचे कारण कडकपणा होय. दाब कमी असला तर मधोमध उभ्या माणसाच्या भाराने फळी वाकते, दोन्ही टोके पाण्यावर उचलली जातात आणि विकत घेतलेली लांबी निरुपयोगी होते. जाडीचाही यात मोठा भाग आहे. कडकपणा सामान्यतः जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. त्यामुळे १२ सेंटिमीटरऐवजी १५ सेंटिमीटर जाडीची फळी दीडपटीहून अधिक ताठ असते. मात्र ती पाण्यात चार-पाच सेंटिमीटरच बुडते, हे आपण पाहिलेच. उरलेली दहा सेंटिमीटर जाडी माणसाला उंच उभा करते आणि वाऱ्यास अधिक जागा देते. वजनाने हलक्या व्यक्तीने, विशेषतः शाळकरी मुलामुलींनी, यास्तव बारा सेंटिमीटरचीच फळी पाहावी. ऐंशी किलोच्या वरच्यांनी मात्र पंधराहून कमी जाडी घेऊ नये.

येथे बंगळूरच्या उंचीचा एक विशेष परिणाम सांगितला पाहिजे. पंपावरील दाबमापक आतील व बाहेरील दाबांतील फरक दाखवितो. समुद्रकाठी हवेचा दाब दर चौरस इंचास १४.७ पौंड असतो. बंगळुरात तो सुमारे १३.२ पौंडच आहे. घरी १५ पौंड भरून फळी तशीच टपावर बांधली आणि घाट उतरून मंगळूरला आणली, तर तपमान तेच असता काटा तेथे साडेतेराच दाखवील. फळी फुटली की काय, अशी शंका तेव्हा घेऊ नये. थोडी हवा भरावी. परतीच्या प्रवासात उलट घडते. किनाऱ्यावर १५ पौंड भरलेली फळी पठारावर साडेसोळा दाखविते, आणि त्यात उन्हाची भर पडते. २५ अंश सेल्सिअसला १५ पौंड भरलेली फळी उन्हात ५० अंशांपर्यंत तापली तर दाब १७ च्या वर जातो. दोन्ही एकत्र झाल्यास जोड उकलण्याचा धोका असतो. म्हणून घाट चढण्यापूर्वी हवा सोडून द्यावी. कठीण फळीच्या पोटातही फेसासारख्या हलक्या द्रव्यात हवा असते आणि तीही चढावर प्रसरण पावते. तिच्या पाठीवर त्यासाठी लहानसे छिद्र ठेवलेले असते. ते हाताने उघडावयाचे असल्यास उघडून ठेवावे, आणि पाण्यात उतरण्यापूर्वी आठवणीने बंद करावे.

वारा, दोरी व पाणी

फळीवर उभा असलेला मनुष्य म्हणजे एक लहानसे शीड होय. वारा दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो. सकाळी जाणवलाही नाही असा वारा दुपारी परतू देत नाही. शरावतीवरील लिंगनमक्की धरणाच्या फुगवट्यासारख्या विस्तीर्ण पाण्यावर, किंवा जेथे वारा काठाकडून आत वाहतो अशा समुद्रावर, ही गोष्ट जिवावर बेतू शकते. निघताना वाऱ्याच्या तोंडाकडे जावे, म्हणजे थकल्यावर वारा घराकडे आणतो. तरीही पुढे सरकता येईनासे झाले तर गुडघ्यांवर बसावे. तेवढ्यानेही न भागल्यास वल्हे पोटाखाली दाबून पालथे पडावे आणि हातांनी पाणी मारीत काठ गाठावा. काहीही झाले तरी फळी सोडून पोहत निघू नये. वाऱ्याबरोबर जाणारी रिकामी फळी चांगल्या पोहणाऱ्यासही सापडत नाही. तिला पायाशी जोडणारी लीश नावाची दोरी असते ती याचसाठी. पण वाहत्या नदीत, उदाहरणार्थ कावेरीच्या खडकाळ प्रवाहात, घोट्यास बांधलेली दोरी हाच सापळा होतो. ती खडकात किंवा झाडाच्या मुळांत अडकली तर प्रवाहाचा जोर माणसास पाण्याखाली दाबतो आणि हात घोट्यापर्यंत पोहोचत नाही. तेथे कंबरेस बांधावयाची, एका झटक्याने सुटणारी दोरीच वापरावी. तरंगजाकीट सर्वत्र घालावे. उत्तम पोहता येत असले तरीही.

शहरातील तलावांविषयी दोन शब्द. या खेळात पाण्यात पडणे ठरलेलेच आहे. बेळ्ळंदूर तलावातील सांडपाण्यामुळे २०१५ मध्ये फेस रस्त्यावर आला आणि २०१७ मध्ये त्या तलावावर आग लागली. अशा पाण्याजवळ फळी नेण्याची कल्पनाही करू नये. पिण्याच्या पाण्याचे साठे वेगळ्या कारणाने वर्ज्य मानावेत. इतर ठिकाणी देखरेख करणाऱ्या खात्याची अनुमती प्रथम विचारावी. आपल्या वाचकांपैकी पवना, मुळशी किंवा तारकर्लीची खाडी ज्यांना जवळ आहे, त्यांनाही हेच लागू आहे. शास्त्रोक्त शिक्षण हवे असल्यास गोव्यात केंद्र सरकारची राष्ट्रीय जलक्रीडा संस्था आहे.

निवड

आता ७० किलो वजनाचा, बंगळुरात सदनिकेत राहणारा, महिन्यातून दोनदा पाण्यावर जाणारा आणि पुढेमागे हौशी शर्यतीत उतरण्याची इच्छा असणारा मनुष्य डोळ्यांपुढे आणू. त्याने हवा भरावयाची, साडेबारा फूट लांब, ७६ सेंटिमीटर म्हणजे ३० इंच रुंद व १५ सेंटिमीटर जाड, निमुळत्या नाकाची फळी घ्यावी. घेण्यापूर्वी तशीच फळी भाड्याने घेऊन निदान दोनदा तासभर चालवावी. पहिल्या दिवशीची डगमग दुसऱ्या दिवशी पुष्कळ ओसरते आणि मगच रुंदीविषयीचे मत भरवशाचे ठरते. पन्नास-पंचावन्न किलोच्या व्यक्तीस ७१ सेंटिमीटर रुंदी पुरते, कारण सावरावयाचा भार कमी असतो. नव्वद किलोच्या व्यक्तीने ८१ च्या खाली जाऊ नये. हौशी शर्यतीत या फळीवर मागे राहावे लागेल, हे खरे. परंतु लाटेने अडण्याइतका वेग सतत राखता येऊ लागल्यावाचून लांब, अरुंद, कठीण फळीचा फायदा पदरी पडत नाही. तो वेग येत आहे की नाही, हे घड्याळ व मोजलेले अंतर सांगतील. ताशी साडेसात किलोमीटर वेगाने अर्धा तास जाता येऊ लागले, म्हणजे १४ फुटी व ६६ सेंटिमीटरांच्या आसपास रुंदीच्या फळीचा विचार करण्यास हरकत नाही.

उरलेला पैसा वल्ह्यावर खर्च करावा, कारण तासाभरात ते दोन हजारांच्या आसपास वेळा उचलावे लागते आणि दोनशे ग्रॅमचा फरकही खांद्यास कळतो. त्याची लांबी आपल्या उंचीहून वीस-पंचवीस सेंटिमीटर अधिक असावी. पाते दांड्याशी थोडे तिरके बसविलेले असते. तो कल पुढच्या बाजूस, नाकाकडे ठेवावयाचा. पाते ओंजळीप्रमाणे पाणी मागे ओढील असे समजून नवखे ते नेमके उलटे धरतात. तळाशी मागच्या बाजूस बसणारा पर एकच व मोठा असेल तर फळी सरळ जाते. परंतु जलपर्णी माजलेल्या तलावांसाठी मागे झुकलेला, पातळ धारेचा दुसरा पर जवळ असू द्यावा, म्हणजे वेली त्यावरून घसरून जातात. सरळ पराभोवती त्यांचा झुबका जमला की फळी एकाएकी जड होते, आणि वल्हविणाऱ्यास वाटते की आपणच थकलो.